भिंत, छज्जा आणि सावली: इमारतींचे अमूर्त फोटो काढायला शिकताना

मावशीला मी एकदा फोनवर एक फोटो दाखवला. वर काळा पट्टा, खाली पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा आणि उजव्या कोपऱ्यात एक बारीक तिरकी रेघ. तिनं चष्मा कपाळावर ढकलला, फोन हातभर लांब धरला आणि विचारलं, "इरकलीचे काठ आहेत का गं हे?"

ते चर्चगेटजवळच्या एका जुन्या इमारतीचे छज्जे होते. त्याआधी वर्षभर मी इमारतींचे फोटो काढत होते आणि ते बघून लोक "छान आलाय" म्हणून पुढे सरकत होते. "हे काय आहे?" असं विचारणारी मावशी पहिली.

इमारतीचा नेहमीचा फोटो काढताना आपण बेरीज करत असतो. कळस आला पाहिजे, दार आलं पाहिजे, पाटी आली पाहिजे, जमलं तर वर थोडं आभाळसुद्धा. अमूर्त फोटोत याच्या उलट, वजाबाकी करायची असते. आभाळ काढा, जमीन काढा, माणसं काढा, इमारतीचं नाव सांगेल ते सगळं काढा. उरतात त्या रेघा, चौकोन, उजेड आणि काळोख. ही वजाबाकी करताना हात कुठे थांबवायचा, एवढंच यात शिकण्यासारखं आहे. बाकी कॅमेऱ्याची बटणं आठवडाभरात येतात.

मी हे सगळं मुंबईत शिकले, म्हणून उदाहरणं मुंबईची आहेत. तुम्ही लातूरला असाल तर एसटी स्टँडचं छप्पर घ्या, ठाण्याला असाल तर मॉलच्या पार्किंगचा वळणावळणाचा रॅम्प घ्या.

इमारत कुठली घ्यायची

सुरुवातीला सगळे जी चूक करतात ती मीही केली. सीएसएमटीपुढे जाऊन उभी राहिले. व्हिक्टोरियन गॉथिक इमारतीत प्रत्येक इंचावर काहीतरी कोरलेलं असतं, कुठे पान, कुठे माकड, कुठे जाळी. तिचा कुठलाही तुकडा कापून घ्या, तो "मी कोण आहे ओळखा" म्हणत राहतो. राजाबाई टॉवरचंही तेच. सुंदर इमारती आहेत, पण नवशिक्याला त्यांतून वजाबाकी जमत नाही.

त्यापेक्षा समोर बघा. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती आहेत आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे साध्या रेघांच्या आणि गोल कोपऱ्यांच्या शैलीतल्या, इमारतींची रांग. हा सगळा समूह मरीन ड्राइव्हसकट २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, एकूण ९४ इमारती. आर्ट डेकोवाल्यांच्या हातात आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट, आलं होतं. त्यामुळे स्लॅब भिंतीबाहेर काढून सलग लांब छज्जा करणं, कोपरा गोल वळवणं, कठड्याला बोटीच्या डेकसारखे तीन आडवे पाइप लावणं हे सोपं झालं. खिडकीवरच्या छज्जाला वास्तुकलेचे विद्यार्थी भुवई म्हणतात. तो काढलाय पाऊस आणि ऊन अडवायला, पण आपल्या कामाची आहे ती त्याची भिंतीवर पडणारी सावली.

म्हणजे इमारतीत तीन गोष्टी शोधायच्या. एक, तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली असावी: खिडक्या, कठडे, छज्जे. दोन, काहीतरी भिंतीबाहेर आलेलं किंवा आत गेलेलं असावं, नाहीतर सावली पडणार कशाची? तीन, कुठेतरी कोरी भिंत असावी, डोळ्याला टेकायला. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग त्यांच्या फोटोत श्वास घ्यायला जागा राहत नाही.

हे तिन्ही एकाच ठिकाणी बघायचं असेल तर कंबाला हिलवरचं कांचनजंगा बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी केलेली ही २८ मजल्यांची इमारत १९८३ साली पुरी झाली. सरळसोट उभा ठोकळा, पण त्याच्या कोपऱ्यांतून दोन-दोन मजले उंचीचे तुकडे कापून काढलेत. ते तिथल्या घरांचे सज्जे. दुरून बघितलं की कोऱ्या भिंतीत काळे चौकोन कोरल्यासारखे दिसतात. तिथे लोक राहतात, तेव्हा फाटकाशी जाऊन उभं राहू नका. रस्त्यावरूनच, आणि जितक्या लांबून जमेल तितकं चांगलं. लांबून का, ते पुढे येईल.

प्रसिद्ध इमारतच हवी असं मात्र काही नाही. माझा सगळ्यात आवडता फोटो एका सरकारी वसाहतीच्या जिन्याच्या जाळीचा आहे. सिमेंटची ती चौकोनी जाळी, जिच्यात कबुतरं बसतात, ती. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडचे टेट्रापॉडही बघण्यासारखे आहेत. चार पायांचे ते काँक्रीटचे ठोकळे हिवाळ्यात संध्याकाळच्या उन्हात निव्वळ त्रिकोण होऊन जातात. ते कठड्याच्या अलीकडे उभं राहून टिपायचे. भरतीच्या वेळी खाली उतरणाऱ्यांचं काय होतं ते दर पावसाळ्यात पेपरात येतंच.

उजेडाचं वेळापत्रक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवीन लोक लेन्सवर पैसे घालतात आणि हे फुकटातलं सोडून देतात.

फोटोग्राफीच्या वर्गांत सांगतात, पहाटे आणि सूर्यास्ताला जा, दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. निसर्गचित्रांना ते लागू असेल. इमारतीच्या अमूर्त फोटोला नाही. आपल्याला हवी असते कडक कडेची सावली, आणि ती द्यायला चांगलं तापलेलं ऊन लागतं.

प्रत्येक भिंतीची वेळ वेगळी. ओव्हलसमोरची डेको रांग पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे तिला ऊन सकाळी. मरीन ड्राइव्हच्या इमारती समुद्राकडे, पश्चिमेकडे बघतात. तिथे सकाळी जाल तर सगळं सपाट, करडं दिसेल. तिथे दुपारी तीननंतर जा. गॉथिक बाजूही पश्चिमाभिमुखच. एकाच दिवशी सगळं उरकायचं म्हणून सकाळी मरीन ड्राइव्ह आणि दुपारी ओव्हल असा उलटा कार्यक्रम मी दोनदा केलाय. दोन्ही वेळा भेळ तेवढी चांगली मिळाली.

आता सावलीची लांबी. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी आठला सूर्य खाली असतो, तेव्हा छज्जाची सावली ओठावरच्या मिशीएवढी. दहा-साडेदहाला तीच सावली अर्धी खिडकी झाकते. त्यानंतर ऊन भिंतीला घासून खाली उतरायला लागतं आणि गिलाव्याचा प्रत्येक फोड, प्रत्येक भेग दिसू लागते. म्हणजे पट्टे स्वच्छ हवे असतील तर नऊ ते दहा, आणि भिंतीचा खरखरीतपणा हवा असेल तर अकरानंतर.

दक्षिणेच्या भिंतीचं गणित ऋतूवर चालतं. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो, म्हणजे दोन फुटी छज्जाची सावली दोन-सव्वादोन फूट. मार्चच्या २१ तारखेला सूर्य ७१ अंशांवर जातो आणि त्याच छज्जाची सावली जवळजवळ सहा फूट होते. एप्रिलच्या मध्यावर ती अख्खा मजला गिळते आणि भिंत संपूर्ण सावलीत जाते. दक्षिणेकडच्या भिंतीचे पट्टे टिपायचे दिवस म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंतचे. आणि हो, मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास.

शाळेत शून्य सावली दिवस सांगतात, तो मुंबईत मेच्या मध्यावर येतो, १५-१६ तारखेला. त्या दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. पण त्याच वेळी चारी भिंतींवरून ऊन वरून खाली सरळ ओघळत असतं. भिंतीतून एखादा इंच बाहेर आलेली पट्टीसुद्धा तेव्हा हातभर सावली टाकते. वर्षातून एकदा, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन, हे बघून यायला हरकत नाही.

पावसाळा वेगळाच. ऊन नाही, सावली नाही, आभाळ पांढरंफट. मग पट्टे विसरा आणि कडा शोधा. पांढऱ्या आभाळावर इमारतीची एकच काळी कड, तीत एक पाण्याची टाकी, बस. मजकूर संपला, बाकी कागद कोरा. निळी ताडपत्री, बांधकामावरची हिरवी जाळी, बांबूची परांची या गोष्टीही त्या पांढऱ्यावर फार खुलतात. वर्षभर बघावं तर धूसर हवेला मी शिव्या घालते, पण या एका कामाला ती उपयोगी पडते. मागचे टॉवर पुसट होऊन जातात.

लांब जा, मग जवळ ओढा

फोनमध्ये वाइड लेन्स असते आणि इमारत मोठी असते, म्हणून हात आपोआप वाइडकडे जातो. तो आवरा. इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून वाइडनं टिपलं की खालचा मजला फुगतो, वरचा बारीक होतो आणि रेघा पंख्यासारख्या फाकतात. त्याऐवजी रस्ता ओलांडा, मैदानात जा, शंभर पावलं मागे सरका आणि मग झूम करा. लांबून बघितलं की जवळचं-दूरचं यातला फरक कमी होतो, पाचवा आणि सहावा मजला सारख्याच उंचीचे दिसतात आणि इमारत कागदावर काढल्यासारखी सपाट होते. अमूर्ताला हा सपाटपणा फार पोषक आहे.

फोनवर दुसरी-तिसरी लेन्स असेल तर तिचाच दोनपट किंवा तीनपट झूम वापरा. त्यापुढे बोटांनी ताणत नेलात की फोन नुसता फोटो कापून मोठा करतो. ते काम घरी निवांत करता येतं. कॅमेरा असेल तर ५५-२५० किंवा ७०-२०० यातली कुठलीही लेन्स चालेल. माझी सेकंडहँड आहे आणि तिच्यात थोडी बुरशीही आहे. कडक उन्हात कुणाला दिसत नाही.

मग प्रश्न तिरकं की सरळ. दोन्ही चालतं. अर्धवट चालत नाही. सरळ काढायचा तर कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. फोनवर ग्रिड चालू करा, भिंतीची उभी रेघ ग्रिडच्या रेघेला चिकटवा, आडवी आडवीला. त्यासाठी थोडं उंचावर जाता आलं तर उत्तम: रेल्वेबाहेरचा स्कायवॉक, पार्किंगचा चौथा मजला, मैत्रिणीच्या ऑफिसची खिडकी. तिरकं काढायचं तर ठासून तिरकं काढा. रशियन फोटोग्राफर रॉडचेन्कोनं १९२५ मध्ये मॉस्कोत आपल्याच इमारतीचे सज्जे थेट खालून, मान मोडेस्तोवर वर बघत टिपले होते. त्या फोटोत चूक कुठेच वाटत नाही, कारण त्यानं काहीही निम्म्यावर सोडलेलं नाही. दोन अंश कललेला फोटो मात्र हात हललाय असंच सांगतो.

बटणं

हे पटकन आटोपते. कॅमेऱ्यावर आयएसओ १००, छिद्र एफ/८, आणि कडक उन्हात शटर १/४०० सेकंद. इथून सुरुवात करा. तिपाई लागत नाही, आणि ती न नेण्याचा फायदा वॉचमनच्या भागात कळेल.

पांढऱ्या भिंतीला कॅमेरा फसतो. त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो भिंत करडी करून टाकतो. तेव्हा एक्स्पोजर +०.७ ते +१ वर न्या. उलट, काळ्या सावल्या गडद हव्या असतील तर –०.७. फोनवर उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट खाली ओढा. एचडीआर बंद करता आलं तर करा. ते सावल्यांत उजेड भरत बसतं आणि आपल्याला तर त्या कोळशासारख्या काळ्या हव्यात.

काचेच्या इमारतींसाठी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर, कामाचा. फिरवत गेलं की काचेवरचं प्रतिबिंब कमी-जास्त होतं. पण बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, काचांत शेजारच्या इमारतीचं जे वेडंवाकडं, वितळल्यासारखं प्रतिबिंब दिसतं, तोच कित्येकदा फोटो असतो. ते घालवू नका.

एका फोटोची गोष्ट, पायरीपायरीनं

इरकलीच्या काठांचा तो फोटो कसा झाला ते सांगते, म्हणजे वरचं सगळं एकत्र बसेल.

फेब्रुवारीतला रविवार. पावणेनऊला ओव्हलच्या आत, रस्त्यापासून बरीच लांब उभी राहिले. मैदानात एकाच वेळी सात-आठ क्रिकेटच्या मॅचेस, त्यामुळे एक डोळा चेंडूवर. समोर डेको रांग, उन्हानं न्हालेली.

पहिला फोटो: अख्खी इमारत. आभाळ, पामची झाडं, खाली उभ्या गाड्या, सगळं आलं. ही नोंद म्हणून ठीक. तो काढायचाच, नाहीतर मनाला चैन पडत नाही.

मग झूम केलं आणि गाड्या गेल्या. पण पामची एक झावळी मधोमध. डावीकडे दहा पावलं सरकले, झावळी गेली. आता तीन मजले, प्रत्येकी चार खिडक्या. दोन खिडक्यांखाली एसीचे डबे. एका कठड्यावर टॉवेल वाळत घातलेला, चांगला लालभडक.

इथे बहुतेक जण वैतागून दुसरी इमारत शोधतात. मी खाली बसले. नऊ वाजून दहा मिनिटांनी सावली छज्जाखाली जाडजूड झाली होती. झूम आणखी आवळला तेव्हा चौकटीत उरले दोन छज्जे, त्यांच्या दोन सावल्या आणि एक खिडकी. खिडकी उघडी होती, आत पंखा फिरत होता. ती राहिली तर फोटो "कुणाचं तरी घर" होतो. म्हणून चौकट आणखी उजवीकडे सरकवली, जिथे इमारतीचा कोपरा वळतो आणि खिडक्या संपतात. उरले ते फक्त पट्टे.

पट्टे स्वच्छ होते, पण कंटाळवाणे. भिंतीच्या रंगाच्या दुकानातलं कॅटलॉग असावं तसे. काहीतरी एक खटकणारं हवं होतं. तेवढ्यात वरच्या गच्चीवरून खाली आलेल्या केबलच्या वायरीची सावली दिसली. वायर नव्हे, नुसती सावली, पांढऱ्या पट्ट्यावरून तिरकी उतरणारी. अजून अर्धी चौकटीबाहेर होती. वीस मिनिटं थांबले. एका पोरानं येऊन विचारलं, "ताई, कबूतर शोधताय का?" सूर्य चढला, सावली सरकली आणि कोपऱ्यात बरोबर बसली. साडेनऊ.

एकूण ४१ फोटो, त्यातला एक ठेवला. हे प्रमाण वाईट नाही.

यातून धरायचं ते असं: एका इमारतीपुढे किमान पाऊण तास द्या, जागेवरून हलण्याआधी चौकट हलवा, आणि सगळं काढून टाकल्यावर एक वाकडी गोष्ट मुद्दाम राहू द्या. एकच. दोन झाल्या की त्या आपापसात बोलायला लागतात.

ही एक रेघ किती काम करते ते बघायचं असेल तर नसरीन मोहमदींचं काम बघा. कराचीत १९३७ मध्ये जन्म, बडोद्याला चित्रकलेच्या प्राध्यापक, आणि शेवट १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. शाई-पेन्सिलीच्या नाजूक सरळ रेघांसाठी त्या ओळखल्या जातात. त्या फोटोही काढत. फरशा, भिंती, रस्त्यावरचे पट्टे, समुद्रकाठची सावली. ते त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. आणि गायतोंडे. जे. जे.त शिकलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायला तयार नसत, त्यांचा शब्द वस्तुनिरपेक्ष या अर्थाचा होता. मला हा भेद फोटोच्या बाबतीत नेहमी आठवतो. कॅमेऱ्याला वस्तूशिवाय गत्यंतर नाही. समोर छज्जा असल्याशिवाय छज्जाचा पट्टा येणार कुठून? चित्रकार कोऱ्या कॅनव्हासपासून सुरू करतो. आपण भरलेल्या कॅनव्हासपासून सुरू करतो आणि पुसत जातो.

एसीचे डबे आणि वाळत घातलेले कपडे

आपल्या शहरात कोरी भिंत मिळणं म्हणजे रविवारी लोकलला खिडकी मिळण्यासारखं. ग्रील, ड्रेनेजचे पाइप, डिशच्या छत्र्या, तुळशीची कुंडी, निवडणुकीच्या वेळी चिकटवलेलं काहीतरी. परदेशी फोटोंत दिसणाऱ्या गुळगुळीत भिंती शोधत बसलात तर वर्षभर हात हलवत परत याल.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वरच्या गोष्टीत केलं तसं, टाळत टाळत स्वच्छ तुकडा गाठायचा. दुसरा मला अलीकडे जास्त आवडतो. त्या पसाऱ्यालाच नक्षी मानायची. बारा मजले, प्रत्येक मजल्यावर सारखा बॉक्स ग्रील, आणि प्रत्येकाची भर निराळी. आभाळ आणि जमीन दोन्ही चौकटीबाहेर ठेवा, म्हणजे इमारत कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही, ती चारी बाजूंना अशीच पसरलीय असं वाटतं. हाँगकाँगच्या उंच वसाहतींचे फोटो मायकेल वुल्फनं असेच, आभाळ कापून काढले. आपल्याकडे विरार आणि दिव्याच्या बाजूला याला तोटा नाही.

कपड्यांच्या बाबतीत माझा एक नियम आहे. चादर, साडी, धोतर यांचा रंगाचा ठिपका म्हणून उपयोग करते. आतले कपडे दिसत असतील तर बटण दाबत नाही. आणि झूममधून खिडकीत माणूस दिसला तर कॅमेरा खाली. आपण भिंतीसाठी आलोय.

वॉचमन

तुम्ही कितीही निरागस असा, इमारतीकडे दहा मिनिटं टक लावून बघणारा माणूस संशयास्पदच दिसतो. वॉचमन येणार. त्याच्याशी कायदा बोलू नका. मी सरळ फोन पुढे करते, "काका, हे बघा, फक्त तो वरचा कोपरा." काका बघतात, चेहऱ्यावर सुटकेचा आणि थोड्या कीवेचा भाव येतो, आणि बहुतेक वेळा सोडून देतात. एका सोसायटीत मात्र सेक्रेटरीसाहेब खाली आले, मी बिल्डरची माणूस आहे असं त्यांना वाटलं, पुनर्विकासाची गडबड चालली होती. मी आधी फोटो खोडले, मग त्यांना जुने दाखवले, मग चहा झाला. फोटो गेले ते गेलेच. तिपाई नेऊ नका म्हणाले ते यासाठी. तिपाई दिसली की तुम्ही "शूटिंगवाले" होता आणि परवानगीचा कागद मागितला जातो.

कायद्याचं तुमच्यापुरतं माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार इमारतीचा फोटो काढणं किंवा छापणं यानं वास्तुरचनाकाराच्या कॉपीराइटचा भंग होत नाही. पण ते कॉपीराइटपुरतंच. खासगी आवारात शिरायचा हक्क त्यानं मिळत नाही. संरक्षण दलांच्या जागांना १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लागतो, आणि कुलाब्याकडे फिरताना नौदलाच्या भिंती कुठून कुठपर्यंत आहेत ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. पाटी दिसली की कॅमेरा पिशवीत. विमानतळ, कोर्ट आणि स्टेशनांच्या आतही आधी विचारा. ड्रोनचं नाव मुंबईत काढूच नका.

कात्री

फोटोग्राफर ल्युसिएन एर्वे १९४९ साली फ्रान्समधल्या मार्सेयला वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचं चालू बांधकाम बघायला गेला आणि एका दिवसात साडेसहाशे फोटो काढून आला. ते बघून कॉर्बुझिएनं त्याला आपला फोटोग्राफर करून टाकलं. पुढे चंडीगड आणि अहमदाबादच्या इमारतीही त्यानं टिपल्या. तो छापलेल्या फोटोंवर खरोखरीची कात्री चालवायचा. आकाशाची पट्टी काप, खालचा रस्ता काप, कधी फोटो काडीसारखा उभा बारीक होईपर्यंत काप.

आपली कात्री म्हणजे स्नॅपसीड किंवा लाइटरूम, फोटो सुधारायची ही अ‍ॅप्स. आधी रेघा सरळ करून घ्या, दोन्हीत त्याची सोय आहे. मग कापा. चौकोनी करून बघा, चौकोन या प्रकाराला मानवतो. चौकटीच्या चारी कडांवरून बोट फिरवा. कुठे खिडकीचं अर्ध टोक, वायरीचं शेपूट आत डोकावतंय का? ते एकतर पूर्ण आत घ्या नाहीतर पूर्ण बाहेर काढा.

काळं-पांढरं केव्हा करायचं? रंग काही बोलत नसेल तेव्हा. लाइटरूममध्ये कृष्णधवल केल्यावर निळा रंग खाली ओढा, आभाळ शाईसारखं होतं आणि पांढरी भिंत पुढे येते. पण जुन्या इमारतींच्या भिंतींचा तो ओला पिवळा किंवा पिस्ता रंग दिसला तर माझा हात थांबतो. तो रंग घालवणं म्हणजे आमरस गाळून पाणी पिणं.

वायर, खिळा, डाग पुसायचं हत्यारही त्यात असतं. मी एखाददुसरा डाग पुसते. एसीचा डबा पुसत नाही. तो पुसायला लागले की मग पुढे काय काय पुसायचं याला अंत नाही, आणि जाग्यावर वीस मिनिटं थांबायची सवय मोडते.

जमलाय का ते कसं कळणार

डोळे किलकिले करून बघा. गडद आणि उजळ असे तीन-चार आकार स्पष्ट राहिले तर ठीक, सगळं करडं झालं तर फोटो कच्चा. मग फोनवर अगदी छोटा, नखाएवढा करून बघा. आणि शेवटी उलटा करून बघा. उलटा केल्यावर तोल गेला, तर फोटो अजून इमारतीच्या आधारावर उभा आहे, स्वतःच्या नाही.

दहाएक फोटो जमले की त्यातला एक छापून घ्या. मॅट कागद, ए-४ आकार, चारी बाजूंना बोटभर पांढरी जागा. चकचकीत कागदावर सावल्यांतला काळा रंग चमकतो आणि समोरचा ट्यूबलाइट त्यात दिसतो. मी तो पट्ट्यांचा फोटो असा छापून मावशीला दिला. तिनं हॉलमध्ये घड्याळाखाली लावला. गणपतीला गेले तेव्हा आरतीच्या मधेच माझं लक्ष गेलं, ती तिरकी रेघ डावीकडे, वरच्या कोपऱ्यात होती. फोटो चार महिने उलटा टांगलेला होता. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे, असाच बरा दिसतो."